रुईचे दोन हार

माझ्या लग्नातले हार मी स्वतः ओवले होते. हे वाक्य मी आजही चारचौघांत अभिमानानं सुरू करतो, आणि फुलं कोणती होती हे सांगायची वेळ आली की पाणी प्यायला उठतो. आता लिहायलाच बसलोय म्हटल्यावर उठून जाणार कुठं?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. घर सानगडीला, शेती धानाची, आणि मी शहरात भाड्याच्या एका खोलीत. खोलीमागे परसबागेपुरती जागा होती. कचेरीत कुणीतरी विसरून गेलेलं एक मासिक माझ्या हाती लागलं आणि त्यातल्या एका पानानं माझं डोकं फिरवलं. त्या पानावर फुलांचे अर्थ दिले होते. गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य हे मलाही माहीत होतं. पण जाई म्हणजे नम्रता, निशिगंध म्हणजे धोकादायक सुख, हे वाचून मी थक्क झालो. इतकी वर्षं आपण फुलांकडे नुसतं बघत होतो, ती काय म्हणतात ते ऐकलंच नाही, असं मला वाटलं. मी पान फाडून घेतलं, खोलीत खिळ्याला अडकवलं आणि अर्थानुसार बाग लावायला घेतली.

दाराशी जाई लावली, कारण साहेब कधी घरी आलेच तर त्यांना आधी माझी नम्रता दिसावी. कुंपणावर गोकर्ण चढवली, ज्ञानासाठी. निशिगंधाचे कांदे विहिरीपलीकडे नेऊन पुरले, कारण सुख धोकादायक असेल तर ते खोलीपासून लांब असलेलं बरं. घरमालकीणबाई पायरीवर बसून हे सगळं बघायच्या.

"बाबू, यात खाचं काय हाय?" त्यांनी एकदा विचारलं.

"खायचं नाही, काकू. याला अर्थ आहे."

"अर्थाची भाजी होते काय?" त्या म्हणाल्या. "एका कोपऱ्यात वांगे तरी लाव बाप्पा."

वांग्याचा अर्थ पानावर नव्हता, म्हणून वांगी लावली नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न जुळलं. मुलगी लाखनीजवळच्या एका खेड्यातली, मॅट्रिक झालेली, वडील आमच्यासारखेच धानवाले. मुलगी बघायला गेलो तेव्हा आमचं बोलणं झालं ते एवढंच: तिनं चहा पुढे केला, मी "साखर बरोबर आहे" म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं की चहा मी अजून प्यायलोच नव्हतो. तेवढ्या भांडवलावर तिनं होकार दिला होता, म्हणून हाराच्या निमित्तानं तरी तिला काहीतरी भारदस्त सांगावं असं माझ्या मनात आलं.

मोगरा मे महिन्यात दुपारपर्यंत मान टाकतो. झेंडू तर कोणीही आणतो. मी पानावरून बोट फिरवत खाली आलो तर शेवटून तिसऱ्या ओळीत होतं, "मंदार: अढळ निष्ठा". मंदार म्हणजे पांढरी रुई, हे मी कचेरीतल्या शब्दकोशात पाहून घेतलं. स्वर्गातल्या पाच झाडांपैकी एक. आणि ही स्वर्गातली रुई माझ्याच कुंपणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवली होती! दर शनिवारी काकू तिची पानं मारुतीला न्यायच्या. पानं मारुतीची, तर फुलं माझी, असा मी हिशोब केला. मेणासारखी घट्ट फुलं, उन्हाला दाद न देणारी. अढळ म्हणजे अढळ.

लग्नाच्या दोन दिवस आधी काकू लेकीकडे गेल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. मी टोपलीभर फुलं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, एसटीनं सानगडीला नेली आणि दार लावून ओवायला बसलो.

"काय करून रायला बा तू?" आईनं बाहेरून विचारलं.

"हार."

"फुलं कोणते?"

"मांडवात पाहशील."

रुईचा चीक बोटांना लागतो हे मला ठाऊक होतं. त्याच बोटांनी डोळे चोळू नयेत हे मला नंतर ठाऊक झालं. डोळे धुऊन धुऊन थकलो, पण लग्नाच्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे मिरचीसारखे लाल होते आणि राहून राहून पाणी वाहत होतं. मामा म्हणाले, "नवरी रडते हे पाह्यलं होतं. नवरदेव पहिल्यांदाच पाहून रायलो."

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड वेळेत पोचलं. मांडवात मी पाटावर उभा राहिलो आणि मामांनी माझ्या सूचनेप्रमाणे टोपली आणून तबकात हार काढले. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो. वाहवा कुठून सुरू होते ते मला बघायचं होतं.

ती सुरू झाली नाही. आधी बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, मग तिच्या आत्या पुढे आल्या. ठेंगणी, करारी बाई. त्यांनी हाराचं एक फूल चिमटीत धरून पाहिलं आणि आपल्या भावाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना, म्हणाल्या, "दादा, थांब. हा रुईचा हार हाय."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी मात्र अजून हसतच होतो, कारण मला काही माहीतच नव्हतं.

माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे ज्याच्या दोन बायका गेल्या असतील त्याचं तिसरं लग्न सरळ लावत नाहीत. आधी रुईच्या झाडाशी लावतात. तिसरेपणाची बाधा झाडावर जाते आणि येणारी मुलगी सुखरूप राहते. म्हणजे मी माझ्या हातानं, दोन दिवस खपून, सबंध मांडवाला सांगितलं होतं की मी तिजवर आहे आणि रुईशी लग्न उरकून थेट इथं आलोय.

"वय पाह्य, दादा," आत्या म्हणाल्या. "केस पाह्य, पांढरे होऊन रायले. सहा वर्षं भंडाऱ्याले एकटा रायते. तिकडं काय काय झालं, आपल्याले कोण सांगल? अन् डोळे पाह्य. पहिलीची याद येऊन रायली त्याले."

"चीक गेलाय डोळ्यांत," मी म्हणालो.

"दोघींचीही येत असल," मागून एक बाई म्हणाल्या.

मामा पुढे झाले. "बाई, आमचा पोट्टा एकदम कोरा हाय जी. सानगडीत कोणालेही विचारा."

"सानगडी इथं हाय काय विचाराले?"

भटजी घड्याळ बघत होते. मला वाटलं, आता आपणच नीट समजावून सांगितलं पाहिजे. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे याच वाक्यापासून सुरू झालेले आहेत.

"आत्याबाई," मी म्हणालो, "ही नुसती रुई नाही. हा मंदार आहे. मंदार म्हणजे अढळ निष्ठा."

"कोणावर?" आत्यांनी विचारलं.

आईनं पदर तोंडाशी धरून मला खुणेनं सांगितलं की तू गप्प राहा. तेव्हा कुठं माझं हसू मावळलं. वऱ्हाड परत जाणार, हे मला दिसायला लागलं. माझी बदनामी झाली असती ती वेगळीच, पण त्या मुलीचं काय? मांडवात मोडलेलं लग्न तिच्या मागे लागलं असतं, आणि कशासाठी, तर मला फुलांचं फार कळतं म्हणून.

सासरे उठले आणि आतल्या खोलीत मुलीकडे गेले. खोलीची खिडकी मांडवाकडे होती, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"बाई, तू आयकलं ना? तुले काय वाटते? तू नाही म्हणशील तर मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांले हात जोडतो."

तिचं उत्तर येईपर्यंत मी जितके देव आठवले तितके पुढे कधी आठवले नाहीत.

मग तिचा आवाज आला. "बाबा, ज्याच्या दोन बायका झाल्या तो माणूस लग्नात रुई आणल काय? दोघींपैकी एकीनं तरी शिकवलं असतं त्याले."

आधी मामा हसले. मग भटजी. मग बायकांची अख्खी बाजू. सासरे बाहेर आले ते हसू दाबतच आले. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून माझा मूर्खपणा सर्वानुमते मान्य झाला. मी हरकत घेतली नाही.

पण रुईचे हार आता चालणार नव्हते, आणि हार मी आणणार म्हणून तिच्याकडच्यांनी दुसरे आणले नव्हते. लाखनीला माणूस पाठवायला वेळ नव्हता. तेव्हा तिच्या बहिणींनी, वहिनींनी डोक्यातले मोगऱ्याचे गजरे काढले आणि ते एकमेकांना गाठी मारून दोन हार तयार केले. फुलं सकाळची, पार कोमेजलेली. माझ्या गळ्यात पडलेल्या हाराला आठ-दहा घरच्या खोबरेल तेलाचा वास होता. त्याचा अर्थ काय हे मी कुणाला विचारलं नाही. मुहूर्त मात्र साधला.

पाठवणीच्या वेळी मी वाकून आत्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, बाजूला घेतलं आणि हळूच, पण अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, त्या दोघींचं झालं ते झालं. हिले मात्र नीट वागवजा."

मी "हो" म्हणालो. त्या दिवशी आणखी काही समजावून सांगायची माझी तयारी नव्हती.