चेन बसवणारे हात

तिला सगळं कॉलेज बदक म्हणायचं. पाण्यात देखणी, जमिनीवर आली की फताडे पाय टाकत डुलत चालणार. पण हीच बदक पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करायच्या शर्यतीसाठी, ट्रायथलॉनसाठी, तीन वर्षं जिवाचं रान करत होती. विद्यापीठाच्या संघाने दोनदा हुलकावणी दिलेली. आता शेवटचं वर्ष. या निवड शर्यतीत पहिल्या तिघींत आली तर संघात, नाहीतर खेळ कायमचा संपला.

तिचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. बोळाच्या तोंडाशी दुकान, दुकान कसलं, पत्र्याचं खोकं. समोरून कुणाची सायकल कुरकुरत गेली, की हा माणूस हातातला चहा ठेवून धावणार. "अहो, थांबा! ती बिचारी रडतेय, ऐकू येत नाही का?" लेकीची शर्यतीची सायकल त्यांनी तीन जुन्या सायकली मोडून उभी केली होती. शर्यत मात्र कधी पाहिली नव्हती. दुकान बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. या वेळी ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आले.

बदक तळ्यातून दुसरी बाहेर आली. सायकलीवरही दुसरीच होती. शेवटच्या चढावर गिअर बदलला आणि चेन उतरली. पंधरा सेकंदांचं काम, आणि तेही बाबांनीच सातवीत शिकवलेलं. ती उतरून वाकते न वाकते तोच कडेच्या दोरीखालून इस्त्रीचा शर्ट आत आला.

"बाबा, नको! हात लावू नका!"

"अगं, तू कशाला हात काळे करतेस? पाणी पी तू."

तिने पाण्याच्या बाटलीकडे पाहिलंही नाही, तोवर चेन बसली होती. बाहेरच्या कुणी मदत केली की खेळाडू बाद, हा नियम पोरं पहिल्याच दिवशी शिकतात. घरी तो सांगायची वेळच कधी आली नव्हती. मागून मोटरसायकलवर आलेल्या पंचाने तिच्या दंडावरचा नंबर लिहून घेतला. बाबांनी त्यालाही हसून हात केला. या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा!

सायकल ठेवायच्या जागी तिचे प्रशिक्षक, सर, उभे होते. चेहरा पाहूनच तिला कळलं.

"थांब बाळा. बाद केलंय तुला."

"सर, बाबा टॉवेल घेऊन शेवटच्या रेषेपाशी येतील. त्यांना नियम माहीत नाही."

"मग?"

"मला पळू द्या. आणि त्यांना काही सांगू नका, तुमच्या पाया पडते."

सरांनी पंचाकडे पाहिलं. पंच म्हणाला, "पळू दे. तिची वेळ आम्ही धरणार नाही."

पाच किलोमीटर ती रडत पळाली. तीन वर्षांच्या पहाटा डोळ्यांसमोर येत होत्या आणि पाय आज कधी नव्हे इतके हलके पडत होते. शेवटच्या वळणावर ती अजून दुसरी होती. समोर बाबा टॉवेल हलवत उड्या मारत होते. दुसरी आली तर संघाच्या यादीत नाव का नाही, हे ते विचारणारच. तिने पाय आखडते घेतले. एक मुलगी पुढे गेली. मग आणखी एक.

"चौथी!" बाबांनी तिला टॉवेलात गुंडाळलं. "अगं, सायकलीवर तर पुढे होतीस. पळताना काय झालं?"

"पाय गळाले, बाबा."

सर पलीकडे तोंड करून उभे राहिले.

आता कॉलेज संपलंय. नोकरी शोधता शोधता ती दुकानात बसते, पंक्चर काढते. गिऱ्हाईक आलं की बाबा सुरू होतात. "हिची चेन ऐन शर्यतीत उतरली हो. मी तिथल्या तिथं बसवली, दहा सेकंदांत! पोरगी पळायला कमी पडली, नाहीतर संघात असती." मग लेकीकडे वळून हळूच विचारतात, "सायकलीत तर काही कमी नव्हतं ना गं?"

"काहीच नाही, बाबा," ती म्हणते आणि त्यांच्या हातात पाना देते.