फाटकाबाहेरचं हसू

नाशिकला निघाले म्हटलं की लोक पंचवटी, त्र्यंबक नाहीतर द्राक्षांचा विषय काढतात. मी निघाले एका कॉलनीतल्या बागेसाठी. ती बाग मीच आखलेली. बागांचे नकाशे काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. माझे वडील, नाना, पावसाळ्यात घरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी तिथे होते, पण ते अंथरुणातून उठत नव्हते. परवा फोनवर म्हणाले, "बागेत जातो की रोज. बाहेर बसतो." बागेत जाऊन माणूस बाहेर कसा बसेल? शनिवारी पहाटेची एसटी धरली.

पुण्याहून येणार असाल तर तुम्हीही पहाटेच निघा, नाहीतर नारायणगावाआधीच वैताग येतो. नानांचा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेला, त्यामुळे घर नाशिकरोडला. तिथेच उतरायचं, पुढची द्वारकेची कोंडी टळते. आणि उतरल्या उतरल्या मिसळ खा. रस्सा दुसऱ्यांदा मागितला तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

रविवारी सकाळी नानांबरोबर निघाले. पाच मिनिटांची वाट, वॉकर टेकत टेकत अर्धा तास लागला. फाटकाशी येऊन नाना वळले आणि समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. आत कडुनिंबाखाली हास्यक्लब सुरू झाला. हात वर, हाहाहा. इकडे ओट्यावर नाना एकटेच, हात वर करून हाहाहा.

मला आधी हसूच फुटलं. मग फाटकाकडे लक्ष गेलं. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून तिथे लोखंडी पाइपांची अरुंद, नागमोडी वाट आहे. ती युक्ती माझी, आणि मी तिच्यावर भलतीच खूश होते. गाडीचं हँडल मोजलं होतं मी. वॉकर काही मोजला नव्हता. तेव्हा नाना ताठ चालायचे, आई होती, ती त्यांच्या मागे "अहो, हळू" म्हणत यायची.

हास्यक्लबातले आहेरकाका पाइपांपाशी आले. मूळचे सटाण्याचे, नानांचे जुने दोस्त. मी विचारलं, "काका, कुणी तक्रार का नाही केली?"

"अर्ज लिहिला होता, बाई. नानांनी फाडला. म्हणे, माझ्या लेकीच्या कामाला नावं ठेवता?"

नाना दुसरीकडेच बघत होते. म्हणाले, "बाहेर वारा बरा असतो गं."

मग मी वॉकर पाइपांवरून काकांच्या हातात दिला, नानांचे दोन्ही हात धरले आणि उलटी चालत त्यांना आत नेलं. ते कडुनिंबाखालच्या बाकावर बसले, आईची डावीकडची जागा मोकळी ठेवून. बराच वेळ त्या जागेवर हात ठेवून होते. "पाठ छान टेकते इथं," एवढंच म्हणाले. मला फार रडू आलं, आणि हास्यक्लबात रडायची पंचाईत असते.

सोमवारी परत आले. फाटकाचा नवा नकाशा पाठवलाय, मंजुरी यायचीय. तुम्ही कुठली बाग बघायला गेलात तर घरातलं म्हातारं माणूस बरोबर न्या, ते कुठे थांबतं ते बघा. मी आता रोज सकाळी त्या वेळेला फोन लावते. पलीकडून हाहाहा ऐकू येतं.

"नाना, आत की बाहेर?"

"बाहेरच," आज म्हणाले. "पाइप काय, काढतील कधीतरी. तू कधी येतेस?"