नव्यासारखे टायर आणि बारवीचा रस्ता

पाऊस धरला की या ब्लॉगवर ठरावीक प्रश्न येतो. 'रविवारी गाडी काढून बारवीला जायचंय, रस्ता कसा आहे, खायला काय मिळेल, मुलं बरोबर आहेत.' मी कोंडेश्वरवर लिहिलं, अंबरनाथच्या देवळावर लिहिलं, वांगणीच्या शेतांवर लिहिलं, पण बारवीचं उत्तर दर वेळी टाळलं. गाडीने तो रस्ता मी एकदाच केलाय, नव्वदच्या दशकात, श्रावणात. लिहायचं तर तोच प्रवास लिहावा लागेल, आणि तो छान नव्हता. ज्यांना फक्त धबधबे हवेत त्यांनी इथेच थांबावं.

तेव्हा आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. आई, दादा आणि मी. वडील गेल्यापासून घरात दादाचा शब्द चालायचा. तो एमआयडीसीत सुपरवायझर होता आणि त्याच वर्षी त्याने सेकंडहँड पांढरी फियाट घेतली होती. आमच्या ताईचं लग्न वैशाखात झालं होतं. सासर बारवीच्या वाटेवरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मुलीला नागपंचमीला माहेरी आणायचं आणि आणायला भावाने जायचं, ही आमच्याकडची रीत. मुलगी आपली आपण उठून येत नाही. परत जायचं तर सासरचं माणूस न्यायला येतं, तेव्हाही ती आपली आपण जात नाही.

हे सगळं एसटीने व्यवस्थित झालं असतं. बदलापूर स्टेशनबाहेरून गाडी सुटायची, तिकीट वडापावच्या दोन प्लेटींएवढं. ताई आषाढात एक दिवसासाठी नवऱ्याबरोबर आली होती तेव्हा स्वतः म्हणाली होती, "मला न्यायला एसटीनेच या रे. खिडकीत बसून येईन." पण तिच्या जाऊबाईंचा भाऊ कल्याणहून जीप घेऊन आला होता आणि गावभर त्या जीपचं कौतुक झालं होतं, हे तिने हसत हसत सांगितलं आणि दादाच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. जाऊबाईंना जीप आणि आमच्या बहिणीला एसटी? आपलं नाक कापलं जाईल. गाडी दारात असताना एसटीने जायचं म्हणजे काय!

गाडी दारात होती, पण तिचे टायर गोटा झाले होते. हात फिरवला तर घासलेली परात लागावी तसे गुळगुळीत. म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही उल्हासनगरला गेलो. फर्निचरच्या दुकानांच्या पुढे टायरवाल्यांची रांग होती. आम्ही थांबलो तिथले म्हातारे सिंधी दुकानदार स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांच्याकडे तीन तऱ्हांचा माल होता. एक कोरे टायर, ते कागदात गुंडाळलेले. दुसरे रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. आणि तिसरे, भिंतीला टेकवून ठेवलेले, सगळ्यांत चकचकीत. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा पाडायच्या आणि वरून काळा रंग फिरवायचा, असा तो माल. खाचा दिसायला खोल, पण खाली रबर उरलेलंच नसतं.

"साईं, नया लो तो बेफिकर," दुकानदार म्हणाले. "ये भी चलेगा. सूखे में, गाँव के अंदर. बारिश में आराम से चलाना."

"दिखेगा कैसा?" दादाने विचारलं.

"दिखने को तो एकदम नया."

"बस, तो यही लगा दो. चारों."

मी म्हटलं, "दादा, ते पावसाचं काय म्हणाले ऐकलंस का?" तो म्हणाला, "तू गप बस, तुला गाडीतलं काय कळतं." कळत नव्हतंच. पण ऐकू येत होतं. परत येताना त्याने भाजीच्या पिशव्यांबरोबर मोगऱ्याचा एक हार घेतला, बॉनेटवर घालायला.

रविवारी सकाळी निघालो. आईने साडीचोळी, नारळ आणि लाडवांचा डबा दिला आणि तिसऱ्या मजल्यावरून दिसेनासे होईपर्यंत हात हलवत राहिली. अंबरनाथहून बदलापूरपर्यंतचा रस्ता तेव्हा अरुंद, दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधूनच एखादा कारखाना आणि त्याचा वास. आता तिथे नुसत्या इमारती आहेत. बदलापूरला फाटक लागलेलं होतं, बराच वेळ थांबावं लागलं. मी उतरून वडापाव घेतले. हिरवी मिरची तळलेली, चटणी झणझणीत. फाटकापाशी शेजारच्या टेंपोचा ड्रायव्हर वाकून आमची चाकं बघत होता. "नये डलवाये क्या?" त्याने विचारलं. दादा नुसता मान हलवून हसला. फाटक उघडलं, गाव ओलांडलं, उल्हास नदीचा पूल आला. नदी लालसर आणि काठोकाठ. पुढे रस्ता चढत जातो, साग लागतात, डोंगर उतरून अगदी जवळ येतात. खोटं कशाला बोलू, फार सुंदर रस्ता आहे. झिमझिम होती, गाडी हळू होती, आणि दादा शिट्टी वाजवत होता.

ताईचं सासर सुखाचं होतं, हे इथे मुद्दाम लिहिते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की सुटली बिचारी. ती सुटली नाही. ती तिथे रमली होती. उन्हापावसात रापली होती, हातात हिरवा चुडा, आणि आम्ही चपला काढायच्या आत तिने मला गोठ्यात नेऊन गाय दाखवली. "माझ्याशिवाय कोणाला दूध देत नाही," म्हणाली. भाऊजी शेती बघायचे आणि एका कारखान्यात पाळीलाही जायचे. कमी बोलणारा माणूस. जेवायला तांदळाची भाकरी, करटुल्यांची भाजी आणि ताक. अशी करटुली मी पुन्हा खाल्ली नाहीत.

ताईच्या सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाकावर चप्पल आपटून बघितली. "नवेच टाकलेत," दादा म्हणाला. सासूबाई कुंपणापलीकडच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमचे सुनेला न्यायला गाडी आलीया!" दादाचा चेहरा असा फुलला की ज्याचं नाव ते. ज्यासाठी आला होता ते त्याला मिळालं होतं.

जेवणं होईपर्यंत पाऊस वाढला. सासूबाई म्हणाल्या, "पानी कमी होऊ द्या, मग निगा." दादा म्हणाला, "त्यात काय, गाडी आहे." भाऊजींनी पंचा घेऊन समोरची काच पुसली आणि सांगितलं, "उतारावर मोरी आहे, तिथं पाणी साचतं. सावकाश घ्या." मग ताईपाशी येऊन हळूच म्हणाले, "पंचमी झाली की मी येतोच न्यायला." ताई लाजली. माहेरवाशीण म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवलं, दादाच्या शेजारी. मी मागे.

ती मोरी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, आता रुंद केलीय, तुम्हाला कळणारही नाही कुठे होती. उतार संपतो तिथे वळण होतं आणि रस्त्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत होता. फार नाही, पावलं भिजतील एवढाच. समोरून एसटी आली. दादाने ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. आवाज नाही, धक्का नाही, गाडी नुसती तिरकी होऊन वाहायला लागली. दादा स्टिअरिंग फिरवत होता आणि त्याचा कशाशीच काही संबंध उरला नव्हता. ताई एवढंच म्हणाली, "अरे, अरे." मग मोरीचा दगडी कठडा तिच्या बाजूने आत आला.

माझ्या कपाळाला खोक पडली. दादाला खरचटलंसुद्धा नाही. ताईचा डावा पाय दबलेल्या पत्र्याखाली अडकला होता. एसटीतली माणसं उतरली, त्यांनी दार उपटून काढलं. तिला बाहेर घेत होते तेव्हा तिने दातावर दात धरून दादाला म्हटलं, "म्हटलं होतं ना, एसटीनेच या." आणि हसायचा प्रयत्न केला. हे तिने दादाला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, मला माहीत आहे. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

गाडीचं मागचं चाक खड्ड्यावर अधांतरी लटकत होतं. रंग धुऊन काळे ओघळ रिमवर आले होते. खाचा वाकड्यातिकड्या, कोणीतरी घाईघाईत कापलेल्या, आणि एका खाचेतून आतले दोरे दिसत होते. एसटीचा कंडक्टर बघत राहिला.

"ह्याला टायर म्हनतात व्हय?" तो म्हणाला. "ह्याच्यावर पावसात बायामानसं घालून आनलीत?"

दादा त्याच्यावरच ओरडला, तुमच्या गाडीने रस्ता अडवला म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं, ते ताईच्या पायामुळे नाही, या ओरडण्यामुळे.

एसटी तिथूनच मागे वळवली आणि ताई त्याच एसटीने बदलापूरला आली, मागच्या लांब सीटवर आडवी. तिथून उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं ते सगळं केलं. पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा सरळ राहिला, वाकेना. नागपंचमी वॉर्डातच गेली. आईने पुरणाची दिंडं डब्यातून आणली आणि कोणीच खाल्ली नाहीत.

भाऊजी रविवारी रविवारी यायचे. आधी दवाखान्यात, मग आमच्या घरी. करटुली आणायचे, ती संपल्यावर काकड्या, मग वालाच्या शेंगा. स्टुलावर बसायचे, ताईकडे बघायचे, चहा घेऊन जायचे. ताई ते येणार त्या दिवशी वेणी घालायची आणि काठीशिवाय चालून दाखवायची. दिवाळीनंतर एकदा त्यांच्याबरोबर सासूबाई आल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, आईपाशी बसल्या.

"आमचा शेतीचा घर," त्या म्हणाल्या. "लावनी हाय, झोडनी हाय, नदीवरना पानी हाय. पोरीचा गुडगा वाकत नाय, ती खाली बसंल कशी? जरा बरी होऊ द्या. मग नेऊ."

"मला जमेल सगळं," ताई आतून म्हणाली. "मी गाईचं बघेन. उभ्याने स्वयंपाक करेन."

"बरी हो, मग नेऊ," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. भाऊजी जमिनीकडे बघत होते.

त्यानंतर ते महिन्याने आले, मग दोन महिन्यांनी, मग आले नाहीत. मी ताईला सांगून थकले की चल, मी तुला एसटीने सोडते, दारात उभी राहा, बघू कोण हाकलतं. ती ऐकून घ्यायची. "कोणी न्यायला आल्याशिवाय कशी जाऊ?" आईचंही तेच. आपण होऊन पोहोचवली तर लोक म्हणतील, जड झाली म्हणून आणून टाकली. दादाचंही तेच. मानाने नेतील तेव्हाच पाठवू. माझा या मानावरचा राग अजून उतरलेला नाही आणि उतरवायची माझी इच्छाही नाही. पुढच्या वैशाखात भाऊजींचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. ते आम्हाला वांगणीच्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं, सहज बोलता बोलता.

दादाने गाडी होती त्या अवस्थेत विकली. टायरांचं नाव त्याच्यापुढे काढायची कोणाची हिंमत नव्हती. 'पाऊस फार होता' असं तो सांगायचा. पाऊस फार नव्हता, मी होते तिथे. गेली कित्येक वर्षं तो पनवेलला असतो, दिवाळीला फोन करतो. आई शेवटपर्यंत ताईसाठी वर्षाची हळद वेगळी काढून ठेवायची, जाताना द्यायला. आता आई नाही.

तर, विचारणाऱ्यांसाठी. रस्ता आता चांगला आहे. नदीच्या पुलाच्या अलीकडे हॉटेलं झालीत, मिसळ बरी मिळते. जमलं तर एसटीने जा, खिडकीत बसा. गाडीच न्यायची असेल, विशेषतः सेकंडहँड घेतलेली, तर निघण्याआधी टायरवर नख घासून बघा. नखाला काळं लागलं तर उतरा. खाचेत बोट घाला, खाली रबर आहे की कापड ते चाचपा. आणि कोणी 'दिखने को नया' म्हणालं तर तिथून निघून या. पाण्यावर गाडी घसरायला लागली की तुम्ही कितीही शहाणे असा, काही करता येत नाही. ते सगळं आदल्या दिवशी दुकानात ठरलेलं असतं.

आम्ही दोघी अजून अंबरनाथलाच आहोत. ताई उजव्या पायाने मशीन चालवते, साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. डावा पाय बाजूला पाटावर लांब केलेला असतो. हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी तिला म्हटलं, "ताई, बारवीला जाऊन येऊ या का? रस्ता मस्त झालाय म्हणे."

तिने मशीन थांबवली. दाराकडे बघितलं.

"कोणी न्यायला आलंय?"

"नाही गं. आपणच जाऊ. दोघी."

"मग नको," ती म्हणाली, आणि कापड पुढे सरकवून शिवायला लागली.