मामा नऊ वेळा मरतो

खुर्चीचा हात मोडल्याचा आवाज वेगळाच असतो. आधी लोखंड करकरतं, मग एकदम ‘कडाड’. रविवारी दुपारी पावणेतीनच्या पुढं तो आवाज आला आणि केबिनमधे मी ताडकन उठलो.

आमच्या टॉकीजमधे तेव्हा खुर्ची मोडणं साधी गोष्ट नव्हती. गेल्याच महिन्यात काही खुर्च्या मोडल्या होत्या. शेठजींनी मला उभं करून सांगितलं होतं, "आता एक जरी खुर्ची तुटली तर दुसऱ्या दिवशी कुलूप. मंगल कार्यालयवाला या जागेसाठी कधीचा मागं लागलाय." आम्ही नऊ जण त्या टॉकीजवर जगत होतो. मी मॅनेजर.

आधी घडलं ते सांगतो. हल्ली पिक्चर रिळांवर येत नाही, हार्डडिस्कवर येतो, आणि त्याला कुलूप असतं. ते उघडायची ‘की’ म्हणजे एक छोटी फाईल, मेलवर येते आणि ठरावीक दिवसच चालते. आमची की शनिवारी संपली. नवी आली ती रविवारी बाराच्या शोला पंचवीस मिनिटं उशीर करून. शेठजींचा फोन आला, "तीनचा शो तीनलाच सुरू पाहिजे."

म्हणजे पिक्चर कापणं आलं. एकपडदा टॉकीजमधे हे चालत आलंय. ऑपरेटर मधला भाग स्किप करतो.

पिक्चर होता स्वस्तातला मारधाडीचा, हिंदीत डब केलेला. त्यात एकच जीप दोनदा जळते. एक मिशीवाला गुंड मरतो आणि पुढच्या मारामारीत पुन्हा हजर. कधी टोपी घालून, कधी गॉगल लावून. मला त्या पिक्चरची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? माझे वडील कन्नड गावच्या बाजारात मेंढ्या विकायला आले की असलाच पिक्चर बघून घरी जायचे आणि आठ दिवस तोच सांगायचे. मी घरातला पहिला बी.कॉम. मला वाटायचं, आपण त्या सगळ्याच्या पुढं आलो.

प्रोजेक्टर रूममधे रशीदचाचा होते. तीस वर्षांपासूनचे ऑपरेटर.

"चाचा, गोडाऊनची फाईट उडवा. चौदा मिनिटं वाचतील."

"गाने निकालताऊं ना साब. फाईट नक्को."

"अहो, त्यात मेलेला माणूस तीनदा परत येतो. चूक आहे ती."

"वोइच देखने कू आते लोगां."

"मॅनेजर कोण आहे, चाचा?"

त्यांनी बटण दाबलं.

आता तो मोडण्याचा आवाज. मी आत पळालो. खालचा मजला गच्च भरलेला, बहुतेक शेंद्र्याच्या कंपन्यांमधली माणसं. पिक्चर संपलेला, दिवे लागलेले, पण उठायला कोणी तयार नाही. शिट्ट्या आणि शिव्या. मला बघून पुढच्या रांगेतला रावसाहेब उभा राहिला. हा वेल्डर. सुट्टीला गावातली दहा-बारा माणसं घेऊन यायचा. हाच पिक्चर शुक्रवारी बघून गेला होता.

"ओ मॅनेजर, मामा किती येळा मेला?"

मला कळेना. "कोण मामा?"

"मिशीवाला! नऊ येळा मरतोय त्यो. आम्ही मोजतोय ना दर बारीला. आज शेवटाला पाण्याच्या टाकीवरून पडला तवा आकडा सहाच. तीन मरणं कुठं इकली?"

टॉकीज विकायची कुजबुज गावात पोचलीच होती. मागून कोणीतरी ओरडलं, "मंगल कार्यालयात लावली असतील!"

सगळे हसले, पण हसणं चांगलं नव्हतं. तो दर मारामारीत उठणारा गलका मी रोज केबिनमधे ऐकत होतो. ते मामाची मरणं मोजत होते, हे मला तेव्हा कळलं. मागच्या रांगेत अजून एक खुर्ची करकरली.

मी पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढलो. शर्ट इन केलेला, गळ्यात आयडी. 

"मी कापली," मी म्हणालो. "चाचा नको म्हणत होते. शोला उशीर झाला म्हणून मी कापली. मला वाटलं, मेलेला माणूस परत येतो ही पिक्चरवाल्याची चूक आहे."

 मग रावसाहेब म्हणाला, "सायेब, त्यांच्याकडं दुसरा मानूस ठेवायला पैसा नसंल. म्हनून त्योच बिचारा टोपी बदलून परत उभा ऱ्हातोय. आम्ही तरी काय करतोय? एक शिफ्ट मारली की परत दुसरीला उभं. त्याला टाळ्या नाय वाजवायच्या तर कुनाला?"

 घड्याळात तीनला पाच कमी. बाहेर तीनचं पब्लिक गेट बडवत होतं.

"तेवढी फाईट आता दाखवतो," मी म्हणालो. "बाहेरच्यांना विचारून येतो."

गेटवर गेलो. "बाराच्या शोला मामाची तीन मरणं चुकून राहिली. तेवढी दाखवली तर तुमचा शो उशिरा सुरू होईल. थांबता का?"

पुढचा माणूस म्हणाला, "आमची कापनार नाय ना?"

"नाही."

"मंग दाखवा त्यांला. लई वाईट केलं तुमी."

चाचांनी गोडाऊन लावलं. व्हिलन मघाशीच मेलेला, पिक्चर संपलेला. कुणाला त्याचं काही नव्हतं. "सात!" "आठ!" छप्पर हललं. नवव्याला मामा जळत्या जीपवर पडला, तेव्हा मीही ओरडलो. चाचांनी खिडकीतून बघितलं असावं.

उठताना रावसाहेबनं मोडलेली खुर्ची पाहिली. "कोनी मोडली रे?" एकानं मान खाली घातली. सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी तो आणि रावसाहेब वेल्डिंग मशीन घेऊन दारात उभे.

शेठजी अकराला आले. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी त्या खुर्चीच्या हातावर पाय देऊन दाबलं. हात हलला नाही.

"बाकीच्या पण त्या वेल्डरकडूनच करून घे," म्हणाले आणि गेले. कुलपाचा विषय निघाला नाही. टॉकीज अजून चालू आहे.

प्रोजेक्टर रूमच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय, खाली माझी सही: ‘वेळ कमी पडला तर गाणं कापावं. काही कापण्याआधी चाचांना विचारावं.’