पडद्यापुढचं उपोषण

मी आयुष्यात एकदाच उपोषण केलं. ते पंचवीस मिनिटं टिकलं आणि मुंबईहून मस्कतला जाणाऱ्या विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये झालं.

यात दोष माझ्या बालपणाचा आहे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते, आणि घरी आल्यावर युनियनची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे इंदिरानगरच्या आमच्या घरात पलंगाखाली असत. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. बाकीची मुलं ‘अ अननसाचा’ म्हणत होती तेव्हा मी ‘अ अन्यायाचा’ म्हणत होतो! सातव्या वाढदिवसाचं आमंत्रण मी स्वतः लिहिलं : ‘बंधूंनो, हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा!’ (सहा जण आले. त्यातला एक आमचाच घरमालक होता.)

तर आबा. जन्मभर विमानं बनवली, पण विमानात कधी बसले नाहीत. कारण त्यांच्या हाताखालून जायची ती लढाऊ विमानं. त्यात खुर्ची एकच, आणि तीही दुसऱ्याची!

आबा निवृत्त झाले त्याच वर्षी मस्कतला ताईला मुलगी झाली. जावईबापूंनी बारशासाठी तिकिटं पाठवली. आईला आणि मला साधी. आबांचा उजवा गुडघा दुखतो म्हणून त्यांना मात्र जाता-येता बिझनेस क्लास! जावईबापू कामानिमित्त सारखे उडत असत, त्याचे साठलेले पॉइंट त्यांनी सासऱ्याच्या गुडघ्यावर खर्च केले.

आबा बोलून काही दाखवणारे नव्हेत. पण ताई फोनवर म्हणाली, “आबा, तिथे बूट काढून पाय लांब करून बसता येतं,” आणि दुसऱ्याच दिवशी ते मेन रोडवरून करड्या रंगाचे नवे मोजे घेऊन आले. ते त्यांनी बॅगेत सगळ्यात वर ठेवले. रोज एकदा चेन उघडून बघायचे आणि बंद करायचे.

ताई फोनवर आणखी एक गोष्ट बोलून गेली. पुढचे आणि मागचे यांच्यामध्ये पडदा असतो म्हणे.

पडदा! त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं : ‘पडदा हटवा! आकाश सर्वांचे आहे!’ मागण्या तीन, शेवटी तीव्र आंदोलनाचा इशारा. शंभर प्रती झेरॉक्स केल्या आणि पहिली आबांच्या हातात दिली.

“आबा, तुम्ही पडद्यापुढे बसणार?”

“गुडघा बसणार आहे. मी त्याच्याबरोबर चाललोय.”

“कॉलनीच्या गणपतीत पाहुण्यांसाठी पुढे सोफे टाकले होते, तेव्हा ‘सोफे हटवा’ हे पत्रक कोणी काढलं होतं? माझ्याकडे आहे. वाचू?”

“नको.”

“‘जो पुढे सोफ्यावर बसतो, तो मागे सतरंजीवर बसलेल्यांकडे पाठ करतो!’ कोणाचं वाक्य आहे हे?”

आबांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. मग उठले, बॅगेची चेन उघडली, मोजे काढले आणि कपाटात ठेवून दिले. “मी मागे बसेन,” एवढंच म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे मेल्या, त्यांना एकदा तरी सुखाने बसू दे की!” पण मी ऐकतोय कशाला? माझं पहिलंच आंदोलन यशस्वी झालं होतं!

विमानात शिरलो. आबा मोठ्या, रुंद, निळ्या खुर्च्यांच्या रांगेपाशी क्षणभर थांबले. एका खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, स्क्रू नीट बसलाय का बघावं तसा. मग मान खाली घालून मागे चालू लागले. तेविसाव्या रांगेत आईने खिडकी पकडली (तिकिटं आली त्या दिवसापासूनच ती खिडकी तिची होती), आणि आबा तिच्या शेजारी मधल्या जागेवर बसले.

मी तिथेच उभा. माझ्या डोक्यात क्रांती एवढी भरली होती, की एक साधा हिशेब तिथे मावलाच नव्हता. आबा जिथे बसले होते, ती जागा माझी होती!

तिसऱ्या जागेवर एक गृहस्थ केव्हाच झोपले होते. सगळं विमान खच्चून भरलं होतं. हवाईसुंदरी आली. “सर, प्लीज बैठ जाइए, दरवाज़ा बंद हो रहा है।”

“आबा, उठा. तुम्ही पुढे जा,” मी हळूच म्हणालो.

“मी?” आबांनी खिशातून पत्रक काढलं. घडी घालून नीट जपलं होतं. “‘एकही स्वाभिमानी माणूस पडद्यापुढे बसणार नाही.’ तुझंच आहे ना? मी नाही उठणार.”

“अहो, पण मग मी कुठे बसू?”

“जिथे जागा रिकामी आहे तिथे.”

अख्ख्या विमानात रिकामी जागा एकच होती. हवाईसुंदरीने तिच्या वरिष्ठ बाईंना विचारलं, बाईंनी घड्याळ बघितलं, आणि मला दंडाला धरून पुढे नेण्यात आलं. पोलीस नेतात तसं मी ताठ मानेने गेलो. फक्त पोलीस नंतर गरम टॉवेल देत नाहीत!

शेजारी लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी होते. पांढराशुभ्र सदरा, पाय केव्हाच बुटाबाहेर. कांदा मस्कतला पाठवायचे, म्हणून महिन्याआड फेरी.

“पहिल्यांदाच का?” विमान वर गेल्यावर शेठ म्हणाले. “घ्या ना ज्यूस.”

“नको. माझं उपोषण आहे.”

“आज काय हाय? चतुर्थी?”

“निषेधाचं उपोषण आहे. या पडद्याच्या.” आणि मी त्यांच्या हातात पत्रक ठेवलं.

शेठनी चष्मा लावून सगळं पत्रक मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीला मान डोलावली. “लय भारी लिवलंय राव. अक्षर न् अक्षर खरं हाय.” मग पत्रकाची घडी करून तिच्यावर बदामाची वाटी ठेवली. “बदाम तरी चालतात का निषेधाला?”

आंदोलनाची एक पद्धत असते. नुसतं उपोषण करून भागत नाही. निवेदन द्यावं लागतं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी लागते. आबांनी मला हे लहानपणीच शिकवलं होतं. पोच नाही तर निवेदन नाही! मी हवाईसुंदरीला दोन प्रती दिल्या. “एक आप रखो, दूसरी पर सही और शिक्का.”

“शिक्का?” ती गोंधळली. तिला मराठी वाचता येईना. तिने आशेने शेठकडे बघितलं.

शेठ बोलीभाषेतल्या हिंदीत म्हणाले, “मॅडम, इनको वो परदे का लय तरास होता है।”

“ओह, सॉरी सर!” असं म्हणून ती लगबगीने गेली, आणि अर्धवट उघडा असलेला तो पडदा तिने पूर्ण ओढून घेतला. फट राहिली होती तिथे चिमटाही लावला. वर मला सही करून एक कार्ड आणून दिलं, सोबत चॉकलेटचा डबा. माझ्या आंदोलनाला मिळालेली पहिली पोच चांदीच्या कागदात गुंडाळलेली होती!

मी रागाने खुर्चीच्या हातावरचं एक बटण दाबलं. पाठ मागे गेली. दुसरं दाबलं. पाय वर आले. तिसरं दाबलं तशी पाठ आणखी मागे गेली आणि मी आडवा झालो. आडवं पडून निषेध करणं फार अवघड असतं. चेहऱ्यावर संताप ठेवावा, तर बघणाऱ्याला वाटतं की पोट दुखतंय. तेवढ्यात जेवण आलं. खरी काचेची ताटली, खरा काटा-चमचा, पनीर, गरम पाव, आणि एका कोपऱ्यात आंब्याचं आइस्क्रीम.

“खाऊन घ्या की वो,” शेठ म्हणाले. “तुम्ही नाय खाल्लं तर काय मागच्यांना वाटणार हायेत का ते?”

या युक्तिवादाला माझ्या कुठल्याही पत्रकात उत्तर नव्हतं. आइस्क्रीम वितळत होतं. त्याला तत्त्व कळत नव्हतं. उपोषण मागे घेतल्याची घोषणा मी मनातल्या मनात केली.

खाऊन झाल्यावर आबांची आठवण झाली. (क्रम लिहितानाही लाज वाटते, पण क्रम हाच होता.) चिमटा काढून मी मागे गेलो. आबा दोघांच्या मध्ये आवळून बसले होते. गुडघा पुढच्या खुर्चीत रुतलेला, दोन्ही हातांनी तो दाबत होते.

“आबा, आता तरी पुढे जा. मी इथे बसतो.”

आबांनी माझ्या मिशीकडे निरखून बघितलं. “उपोषण कसं चाललंय?”

“म्हणजे... चालू आहे.”

“मिशीला काय लागलंय?”

मी पुसलं. पिवळं होतं.

आई खिडकीतून न वळता म्हणाली, “आंब्याचं असेल. मला इथवर वास आला.” मग मात्र वळली. “ह्यांना इथून उठताच येत नाहीये, संदीप. ते शेजारचे झोपलेत आणि गुडघा अडकलाय. तू जा. झोप जाऊन. तुला आंदोलनाचा शीण झाला असेल!”

मी गेलो. आणि आईची आज्ञा म्हणून झोपलोही. मस्कत आलं तेव्हा शेठनी मला हलवून उठवलं.

मस्कतला आबा दोन दिवस लंगडत होते. बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी बसूनच ओढली. ताईच्या शेजाऱ्यांनी विचारलं, “प्रवास कसा झाला?” तर म्हणाले, “आमचा मुलगा पुढे बसला होता. पाहणीसाठी.” बस्स.  ओरडले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “आबा, येताना तुम्हीच पुढे बसायचं. माझं चुकलं.”

“तोंडी चालणार नाही,” आबा म्हणाले. “पत्रक लेखी होतं. माघारही लेखी हवी. दोन प्रतीत.”

मी लिहिलं : ‘याआधीचे पत्रक विनाअट मागे घेण्यात येत आहे.’ आबांनी चष्मा लावून वाचलं, ‘विनाअट’ या शब्दाखाली रेघ मारली आणि एका प्रतीवर मला पोच दिली. मग ताईला हाक मारली, “सुमे, इथे मोजे कुठे मिळतात गं?”

परतीच्या विमानात मी मधल्या जागेवर. तासाभराने राहवेना, म्हणून मी पुढे गेलो आणि पडद्यातून डोकं आत घातलं.

आबा त्या निळ्या खुर्चीत आडवे होते. गळ्यापर्यंत पांघरूण, त्यातून बाहेर आलेले दोन पाय, पायांत कोरे करडे मोजे. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी खुर्च्या घट्ट बसवणारा माणूस एका खुर्चीत सैल पडला होता! हवाईसुंदरी वाकून ऐकत होती, आणि विमानाच्या पंखात किती रिवेट असतात ते आबा तिला आपल्या हिंदीत सांगत होते.

“आबा, बरं वाटतंय ना?”

त्यांनी अर्धा डोळा उघडला. “उत्तम. एक काम कर. जाताना तो पडदा नीट ओढून घे. मागच्यांचा फार आवाज येतोय.”

आणि ‘पडदा हटवा’ या पत्रकाच्या लेखकाने, म्हणजे मी, तो पडदा स्वतःच्या हाताने ओढला, फट राहिली नाही ना ते दोनदा बघितलं आणि चिमटा लावला.