ताईने झाडलेलं जंगल

आमच्या ताईला पसारा खपत नाही. तिच्याकडे चहाला गेलात, तर शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत तुमचा कप धुऊन उपडा पडलेला असतो. मी तिची धाकटी बहीण, म्हणून साठ वर्षं हे सोसत आलेय. भावजी बिचारे नंतर आले.

अशा बाईला निवृत्तीनंतर काम मिळालं ते जंगल वाढवायचं! आमच्या गावाबाहेर दोन जंगलं आहेत आणि मधे बंद वीटभट्टीची पडीक जमीन. उघड्या माळावरून जायला हरणं घाबरतात, म्हणून इकडची इकडे आणि तिकडची तिकडे. गावातल्या एका संस्थेने ठरवलं, मधल्या पट्ट्यात झाडंझुडपं लावून जनावरांना आडोशाची वाट करून द्यायची. त्यासाठी अनुदान हवं, अनुदानासाठी अर्ज हवा, आणि अर्ज लिहावा तर ताईनेच. चाळीस वर्षं कचेरीत बसून तिने लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या. संस्थेने तिला सचिवच करून टाकलं.

तो अर्ज तिने मला फोनवर किती वेळा वाचून दाखवला, विचारू नका. "'अधिवास पुनर्स्थापना' लिहू की सरळ 'जंगल पुन्हा उभं करणे'?"

"ताई, माझी भाजी करपतेय."

"बरं, दोन्ही लिहिते."

अनुदान मिळालं, तीन वर्षांचं. अट एकच. मुदत संपायच्या आत पट्ट्यात बसवलेल्या कॅमेऱ्यांत रानातलं जनावर पट्टा ओलांडताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर अनुदान बंद आणि जमीन नगरपालिकेला परत. त्यांच्याकडे तिथल्या गोदामांचा नकाशा तयारच होता.

ताईने स्वतःच्या हाताने रोपं लावली, बादल्यांनी पाणी घातलं. ऊन नाही, थंडी नाही, रोज सकाळी बाई पट्ट्यात हजर. तीन वर्षं संपायला दोन महिने उरले, तेव्हा सगळे फोटो घेऊन ती माझ्याकडे आली. एका फोटोत भटकं कुत्रं, दोन-चार फोटोंत वाऱ्याने हललेली फांदी, आणि बाकी सगळ्यांत ताई. वाकलेली ताई, खुरपं घेतलेली ताई, कंबरेवर हात ठेवून उभी ताई.

"अगं, रानातलं जनावर दिसतंय की!" मी म्हटलं.

ती हसली नाही. एरवी माझी चांगली खरडपट्टी काढली असती.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे शाळेतले निवृत्त भूगोलाचे सर. त्यांनी सुचवलं, पलीकडच्या जंगलातला एखादा हरणाचा फोटो लावून टाकू. झुडपांवर काय पत्ता लिहिलेला असतो?

"असले कागद मी जन्मभर परत पाठवलेत, सर," ताई म्हणाली. विषय संपला.

मग अनुदान देणाऱ्यांकडून एक मुलगी पाहणीला आली. चिखलाने माखलेले बूट, पाठीवर पिशवी. ताईला धीर म्हणून मीही गेले. शंभरेक पावलं चालून मुलगी थांबली.

"इथे झाडतं कोण?"

"मीच," ताई अभिमानाने म्हणाली. "वाळकी पानं, पडलेल्या फांद्या, खालचं गवत, रोजच्या रोज काढते. कॅमेऱ्यासमोर कचरा नको. फोटो स्वच्छ यायला हवा ना!"

मुलगी जरा घुटमळली. "काकू, हरणांना तो कचराच हवा असतो. त्यात ती लपतात. तुम्ही तर इथे अंगण केलंय. शिवाय रोज माणसाचा वास..."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. या सवयीवरून मी आयुष्यभर तिला चिडवत आले, पण त्या क्षणी मला त्या पोरीचाच राग आला. "तीन वर्षं राबलीय ती! तुम्ही आज येऊन शिकवताय?"

ताईने माझा हात दाबला. "गप बस. बरोबर बोलतेय ती."

अनुदान देणाऱ्यांना पाठवायच्या अहवालात 'अडचणी' नावाचा रकाना असतो. सगळे तिथे पावसाला नाहीतर उंदरांना पुढे करतात. ताईने लिहिलं, "सचिवांनी रोज झाडलोट केल्यामुळे जनावरे आली नाहीत. चूक माझी आहे." सरांनी कपाळावर हात मारला.

उत्तर आलं. एका वर्षाची मुदतवाढ. पण त्या वर्षात पट्ट्यात कुणीही पाऊल टाकायचं नाही, संस्थेच्या माणसांनीसुद्धा. कॅमेरे त्यांचा माणूस बघेल. खाली सचिवांची सही हवी. ताईने सही केली आणि गावाकडच्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली त्याच दिवशी त्यांना पाठवून दिली.

ते वर्ष आमचं आम्हाला माहीत! तिने माझी कपाटं आवरली, भावजींचे खिळे लांबीप्रमाणे लावले. संध्याकाळी कुंपणापर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

"नुसतं फाटकातून डोकाव की," मी म्हणायचे.

"सही केलीय," ती म्हणायची. तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा ती मुलगी स्वतः फोटो घेऊन आली. पट्ट्याच्या मधोमध हरणी, तिच्यामागे पाडस. पुढच्या फोटोत दोघं पलीकडच्या टोकाला. सर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. मी रडले, लपवत नाही.

ताईने चष्मा पुसून फोटो जवळ धरला. तिचं बोट हरणीवर नव्हतं, मागच्या झुडपांवर होतं. "माझ्या गुडघ्याएवढी होती गं ही," ती म्हणाली. "बघ, कुठल्या कुठे गेली!"

मुलीने पिशवीतून नवा कागद काढला. आता पाच वर्षांचं अनुदान, अट तीच, पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही.

ताईने शेवटपर्यंत वाचलं. "आणि त्याच्यापुढे?"

"तेव्हाही तुम्ही आत गेलात की ती यायची थांबतील, काकू."

"म्हणजे मला ही झाडं आता फोटोतच बघायची."

ताईने हरणीचा फोटो माझ्या हातात दिला, पेन उघडलं आणि विचारलं, "सही कुठे करू?"