खांबावरच्या बाईला लोणी

इंग्लंडात स्लाऊपासून बसनं अर्ध्या तासावर एक जुनं चर्च आहे. तिथं दर मंगळवारी मी झाडलोट करते. आधी फॅक्टरीत पॅकिंगला होते. गुडघे गेले, नवरा गेला, मग हे काम धरलं.

त्या चर्चच्या खांबांवर दगडात काय काय कोरलंय. शेकडो वर्षांचं आहे म्हणतात. एका बाप्याचं तोंड पोटावर आहे आणि जीभ पार गुडघ्यापर्यंत लोंबतेय. एकाला बकऱ्याचे खूर, आणि पुढचं नको ते सगळं उघडं. शाळेची पोरं येतात, त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात, खिदळतात. त्याचं कार्डसुद्धा विकायला ठेवलंय.

दाराजवळच्या खांबावर मात्र एक बाई आहे, तिच्यापुढं फुलांचं मोठं टेबल लावलेलं असायचं. मी टेबल सरकवून झाडू मारायला लागले तेव्हा दिसली. माझ्या खांद्याच्या उंचीला, पाय फाकवून बसलेली. दोन्ही हातांनी आपलं अंग उघडून दाखवतेय. डोकं मोठं, टक्कल, दात विचकलेले.

तिथली पाद्री बाईच आहे, माझ्या मुलाच्या वयाची. तिला विचारलं तर ती आधी लाजली. मग म्हणाली, ही मॉन्स्टर आहे. बायकांच्या नादाला लागलात तर असलं पुढ्यात येईल, अशी पुरुषांना भीती घालायला कोरली असेल. कुणी म्हणतं बाळंतिणीला राखायला होती. नक्की कुणालाच माहीत नाही. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण एवढं कळलं.

मला काही भीती वाटली नाही. मी तिला ओळखत होते.

आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी अशीच एक होती. तशीच बसलेली, तशीच उघडी. फक्त तिला डोकं नव्हतं, मानेच्या जागी कमळ. नाव घ्यायचं नाही, नुसतं देवी म्हणायचं. जिला मूल होत नाही तिनं पाच मंगळवार तिथं जाऊन त्या जागी लोणी आणि कुंकू लावायचं. लग्नाला सात वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. सासूनं मला नेलं. चार बायका सोबत, एकीनं माझं डोकं धरून दगडाला टेकवलं. "नीट माग," म्हणाली. बारशाला मला बोलवत नव्हते. माझी सावली पाळण्यावर नको म्हणून एकदा जाऊबाईनं पदरानं पाळणा झाकला होता. हडळ म्हणायच्या मला, तोंडावर. पुढं नवऱ्याला इथं काम लागलं, मी इथं आले आणि मुलगा झाला. देवीनं दिला का हवापालटानं, मला काय ठाऊक.

मुलाचं लग्न झालं, पुण्याची मुलगी आली. ऑफिसचं काम लॅपटॉपवर करते, मनानं फार चांगली. पाच वर्षं झाली. हॉस्पिटलात तीनदा ते इंजेक्शनांचं केलं, तिन्ही वेळा गेलं. तिची आई फोनवर रडते, बायका भिशीला भेटल्या की पोटाकडं बघतात. मी ठरवलं होतं, आपण या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. काढला नाही.

पण हात गप्प बसले नाहीत. दुकानातून क्रीम आणलं, बरणीत घुसळून लोणी काढलं. विधवेनं कुंकू लावू नये म्हणतात, पण मी काय स्वतःला लावणार होते? टेबल सरकवायचं, लावायचं, मागायचं, टेबल परत. चार मंगळवार केलं.

पाचव्या मंगळवारी गेले तर टेबल बाजूला, पाद्रीबाई आणि दगडाचं काम जाणणारा एक माणूस उभे. दगडानं लोणी पिऊन काळा डाग धरला होता, कुंकवाचा लाल ओघळ खालपर्यंत. त्यांना वाटलं कुणी टवाळखोरानं रंग फासला. पाद्रीबाई म्हणाली, "तुम्ही कुणाला बघितलंत का?"

मी पिशवीतली लोण्याची वाटी काढून टेबलावर ठेवली. "मी," म्हणलं.

पुढचं इंग्रजीत सांगणं माझ्याच्यानं होईना. सुनेला फोन केला. ती काम टाकून गाडी घेऊन आली.

"अहो आई, काय केलंत हे? हे लोक तुम्हाला काढून टाकतील ना!"

"काढू देत. आधी त्यांना सांग, हे कशासाठी लावतात."

मी गावचं सगळं मराठीत सांगत गेले, ती इंग्रजीत करत गेली. "ज्या बाईला मूल होत नाही," असं मी म्हणलं आणि ती थांबली. डागाकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मग पाद्रीबाईला एवढंच म्हणाली, "शी डिड इट फॉर मी." पाद्रीबाईनं तिचा हात धरला. काम राहिलं माझं. तो माणूस मातीचा लेप लावून तेल ओढून काढणार. मी त्या खांबाला हात लावायचा नाही.

गाडीत बसलो, पण सुनेनं गाडी सुरू केली नाही.

"तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत, आई. मला वाटायचं, घरात एक तरी माणूस आहे जे वाट बघत नाहीये."

"बघत होते. खोटं कशाला सांगू?"

"मग तुमच्यात आणि त्या बाकीच्यांत डिफरन्स काय?"

चार मंगळवार मी लोणी दगडाला लावत होते, पण डोकं धरून टेकवत होते ते हिचंच. माझ्या सासूनं मला उजेडात नेलं, मी हिला टेबलामागं.

"काही नाही," म्हणलं. "चुकलं माझं."

ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला चौथ्यांदा नाही जायचंय. त्याला सांगितलं नाहीये अजून. माझी बॉडी म्हणजे नुसतं तेवढंच झालंय, बाकी मी कुठे नाहीच."

मला ती ओढ्याकाठची आठवली. तिला डोकंच ठेवलं नव्हतं, म्हणून देवी. इथलीला डोकं आणि दात ठेवले, तर राक्षसीण.

"नको जाऊ," मी म्हणलं. "तो काही बोलला तर मी बघते."

"तुम्ही परत कुठे जाऊन काही लावणार नाही ना?"

"नाही."

टेबलावरून उचलून आणलेली ती वाटी माझ्या मांडीवर होती. घरी गेल्यावर मी भाकऱ्या थापल्या. गरम भाकरीवर ते सगळं लोणी घालून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे पण मूल होण्यासाठीच का?"

"नाही गं. सकाळपासून उपाशी आहेस."

तिनं खाल्लं. दुसरी मागितली.